अंधार पडायच्या आत

सगळे सूर्याकडे बघत होते आणि मी जोएलच्या पायांकडे.

ओमानच्या पूर्व किनाऱ्यावर सूर नावाचं जुनं गाव आहे. समुद्राचं पाणी तिथे नदीसारखं आत शिरतं, घरांना वळसा घालतं आणि ओहोटी लागली की निमूट परत जातं. इकडचे लोक त्याला खोर म्हणतात, आमच्या वसईकडे खाडी म्हणतात. त्या खाडीच्या काठाकाठाने फोटो काढत चालायचं, सूर्य बुडेपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ, असा तो कार्यक्रम होता. राजधानीतल्या रुवीहून मिनीबसने आलेली हौशी मंडळी, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. कॅमेरा नसलेली मी एकटीच. एकोणीस वर्षांच्या मुलासोबत आई येते हे त्याच्या दृष्टीने काही भूषण नव्हे. जोएलने सकाळीच बजावलं होतं, "मम्मा, तू आलीस तर ओके, पण प्लीज, सगळ्यांसमोर मला हाका मारू नको." मी हो म्हटलं. मला हाका मारायच्याच नव्हत्या. मला त्याला अंधारात चालताना बघायचं होतं.

हे वेडेपण वाटू नये म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या वडिलांना दिवस मावळला की दिसत नसे. त्यांच्या मामांनाही दिसत नसे. रुवीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला मागे कागदावर गोल आणि चौकोन काढून समजावलं होतं. हा आजार बापाकडून मुलीकडे येतो, मुलीत गुपचूप बसून राहतो आणि तिच्याकडून मुलाकडे जातो. जाईलच असं नाही, पण जाऊ शकतो. "तुम्हाला स्वतःला काही होणार नाही," ते धीर देत म्हणाले, जणू मी त्यासाठीच गेले होते. जोएल लहान होता तेव्हा त्याचे डोळे स्वच्छ निघाले. वयात आल्यावर परत बघू, असं ठरलं. पण तो वयात आल्यापासून मी विषय काढला की एकच उत्तर मिळतं, "आय ॲम फाइन, मम्मा."

आणि आता तो गाडी शिकत होता. इथे लायसन्स काढायचं म्हणजे आधी ड्रमच्या मधून गाडी मागे घ्यायची, मग चढावर थांबवून परत उचलायची, आणि शेवटी पोलिसाला शेजारी बसवून रस्त्यावर न्यायची. जोएलचे ड्रम झाले, चढही झाला. रस्त्याच्या परीक्षेत मात्र तो दोनदा नापास झाला, आणि दोन्ही वेळा मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आले. येत्या रविवारी पुन्हा परीक्षा होती. ती दिवसाउजेडी असते. डोळे तपासतात तेही दिवसाउजेडी, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून. पप्पांनी ती अक्षरं वर्षानुवर्षं बिनचूक वाचली होती.

"यल्ला, यल्ला!" सालिमने टाळ्या वाजवल्या. सालिम आमचा वाटाड्या, खाडीपलीकडच्या आयजा वस्तीतला उमदा ओमानी तरुण, आमच्याशी हिंदीत बोलणारा. "अभी गोल्डन अवर है, बाद में ब्लू अवर. ब्लू अवर सबसे अच्छा. सामान बस में रखो, सिर्फ कॅमेरा लेके चलो."

मी माझी पर्स सीटवर ठेवली. जोएलचा फोन तिच्यातच चार्जिंगला लावला होता, माझाही तिथेच राहिला. जोएलची कॅमेऱ्याची बॅग तेवढी मी खांद्याला अडकवली. त्याने नको नको म्हटलं, पण आईला काहीतरी ओझं असल्याशिवाय चालता येत नाही.

ब्लू अवर. काय सुंदर नाव ठेवलंय. सूर्य गेलेला असतो, रात्र आलेली नसते, सगळं निळं होतं, आणि फोटो काढणारी माणसं त्या निळ्यासाठी जीव टाकतात. लहानपणी आमच्या वादी अदाईच्या घरात त्या वेळेला नाव नव्हतं. दुपार कलताना असरची बांग झाली की मम्मी गॅसवरचं असेल ते खाली उतरवायची आणि घरभर फिरायला लागायची. बाहेर चांगलं ऊन असताना सगळ्या ट्यूबलाइटी लागायच्या. स्टुलं भिंतीला. चपला एका रांगेत. दप्तर जमिनीवर दिसलं तर पाठीत धपाटा. बाथरूममधली बादली डाव्या कोपऱ्यात, तिची जागा काय वाटेल ते झालं तरी बदलायची नाही. वादी अदाईला चारी बाजूंनी काळे डोंगर, त्यामुळे सूर्य आमच्याकडे लवकर जायचा. रुवीत ऊन असायचं तेव्हा आमच्या जिन्यात अंधार झालेला असायचा. मग जिन्यावर पप्पांची पावलं वाजायची. एक पाऊल, थोडं थांबणं, बुटाच्या टोकाने पुढची पायरी चाचपणं, मग दुसरं पाऊल. ती ऐकू आली की मम्मी कपाळावर क्रूस काढायची आणि चहाचं आधण ठेवायची.

'दिसत नाही' हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. पप्पांचं डोकं दुखायचं. कुणाचं लग्न, कुणाचा बाप्तिस्मा, वसईकरांची संध्याकाळची रोझरी, कुठलंही आमंत्रण आलं की पप्पांचं डोकं दुखायचं. मंडळी आम्हाला शिष्ट म्हणत, म्हणोत. पप्पा एका कंपनीत ड्रायव्हर होते. बिस्किटं, चहापत्ती, साबण, पावडरचं दूध गाडीत भरून दूरदूरच्या गावांतल्या दुकानांना पोचवायचं, हे त्यांचं काम. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा आणि व्हिसाबरोबर आम्ही सगळे. हे मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. पण शाळेत कुणी "तुझे पप्पा काय करतात" विचारलं की मी विषय बदलायची.

आम्ही खाडीच्या काठाने चालू लागलो. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, त्यांच्या दोऱ्या वाटेवर आडव्या आल्या होत्या. जोएल माझ्या पुढे होता. एक दोरी त्याने सहज ओलांडली. दुसरीही ओलांडली. माझा जीव थोडा खाली पडला. पण अजून ऊन होतं, पायांच्या सावल्या लांब पडलेल्या होत्या, अशा उजेडात तर पप्पाही चालले असते. मी स्वतःलाच म्हटलं, घाई करू नकोस.

"जोएल," मी हळूच म्हटलं, "तो बगळा बघ, होडीच्या पलीकडे."

"हां हां, मस्त," तो म्हणाला. पण त्याने मान फिरवली ती भलतीकडे, की मलाच तसं वाटलं? बगळा तोपर्यंत उडाला. परत विचारायची सोय नव्हती.

जुन्या गलबतांच्या कारखान्यापाशी सगळे थांबले. हल्ली तिथे काम कमी आणि बघे जास्त, पण एक अर्धवट गलबत उभं होतं आणि एक म्हातारा कारागीर त्याच्या फळ्यांना फडक्याने काहीतरी चोळत होता. कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट सुरू झाला. म्हाताऱ्याला सवय असावी, त्याने वर बघितलंसुद्धा नाही. वाऱ्याने तो वास माझ्याकडे आणला आणि मी तिथल्या तिथे थबकले. मुशी माशाच्या काळजाचं तेल.

सूरचे लोक ते लाकडाला लावतात, पाणी आत मुरू नये म्हणून. माझी मम्मी ते पप्पांना पाजायची. तिचा ठाम विश्वास होता की पप्पांचं हे दुखणं अशक्तपणाचं आहे आणि खाऊनपिऊन बरं होईल. शेजारच्या हमीदाभाभी मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी सांगितलं, बकऱ्याची कलेजी द्या. त्यांना खरं कारण माहीत नव्हतं, मम्मीने नुसतं "ह्यांना चक्कर येते" म्हटलं होतं. मग आठवडाभर कलेजी, वसईहून आणलेल्या बाटली मसाल्यात परतलेली, आणि शुक्रवारी मत्राच्या मासळी बाजारातून मुशीचं काळीज. मम्मी ते मंद आचेवर कढवायची. खिडक्या बंद, कारण वास बाहेर गेला तर लोक विचारतील. तो उग्र, आंबूस वास पडद्यांना, उशांना, माझ्या युनिफॉर्मला चिकटायचा. पप्पा नाक दाबून चमचा गिळायचे. मग मम्मी त्यांच्या तोंडाकडे बघत विचारायची, "काही फरक?" आणि पप्पा दर वेळी म्हणायचे, "हो, थोडा वाटतोय."

स्वयंपाकघराच्या भिंतीवर संत लुसीची तसबीर होती. ती डोळ्यांची संत. तिच्या हातात ताटली आणि ताटलीत दोन डोळे. जेवताना ते डोळे आमच्या ताटांकडे बघत असायचे. मी भिंतीकडे पाठ करून बसायची.

"मम्मा, आर यू ओके?" जोएल परत आला होता. "एवढी काय घाबरलीस?"

"वासाने मळमळलं जरा," मी म्हटलं. घराण्याची परंपरा.

हे गाव मी लहानपणी पाहिलेलं होतं. शाळेला सुट्टी असली की पप्पा सूरच्या फेरीला मला घेऊन जायचे. मला वाटायचं मी लाडकी म्हणून. तेव्हा समुद्राकाठचा हा गुळगुळीत रस्ता नव्हता, डोंगरामागून, वाळवंटाच्या कडेकडेने लांबचा वळसा घालून यावं लागायचं. पहाटे निघायचं. गाडीच्या मागून बिस्किटांचा आणि साबणाचा मिसळलेला वास यायचा. सूरला पोचलो की उन्हाने पांढरी पडलेली घरं, नक्षीचे दरवाजे, हातोड्यांचे आवाज, वाळत घातलेले मासे. एका दुकानाचा म्हातारा मालक, पप्पा त्याला अर्बाब म्हणायचे, मला चिकट हलवा आणि वेलचीचा कडू कहावा द्यायचा. पप्पा मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आत कुठेतरी गाडी थांबवतात आणि मग हलत नाहीत, हे त्या म्हाताऱ्याच्या कानावर आलं होतं. त्याची समजूत अशी की हा ख्रिश्चन माणूस आमच्या नमाजाच्या वेळेचा मान राखतो. तो सगळ्या गिऱ्हाइकांना पप्पांचं कौतुक सांगायचा. पप्पा मान खाली घालून कहावा प्यायचे.

पण एकदा सूरहून निघायलाच उशीर झाला. कशाने झाला ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की डाव्या बाजूच्या टेकड्या आधी तांबड्या झाल्या, मग जांभळ्या, आणि पप्पांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं, जसं काही बाहेर जास्त उजेड असणार होता. पुढे एक ट्रक होता. त्याचे मागचे लाल दिवे धरून पप्पा चालवत होते. समोर ट्रक असला की त्यांना बरं वाटायचं. मग तो ट्रक एका फाट्याला वळून निघून गेला.

"बोल," पप्पा म्हणाले.

"काय बोलू?"

"तुला जे दिसतं ते. थांबायचं नाही. बोलत राहा."

मी बोलत राहिले. पांढरी रेघ, पप्पा. रेघ सरळ. झुडूप. निळी पाटी. रेघ तुमच्या बाजूला वळते आहे. समोरून गाडी येते आहे, तिचे दिवे मोठे होताहेत. गेली. परत रेघ. थांबले तर आपण मरणार हे मला लख्ख कळलं होतं. पप्पांचे हात स्टिअरिंगवर इतके घट्ट होते की बोटं पांढरी दिसत होती. आणि मग रस्त्याच्या मधोमध काहीतरी उंच उभं होतं, आणि मला त्याचा शब्दच आठवेना. इतका साधा शब्द. मी नुसती "ते, ते, ते" करत राहिले.

पप्पांनी ब्रेक दाबला. मागची खोकी धडाधड कोसळली. गाडीच्या दिव्यांत उंटाचे पाय दिसत होते, फक्त पाय, बाकीचा उंट वर काळोखात. तो सावकाश चालत रस्ता ओलांडून गेला. पप्पांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि उजाडेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. फुटलेल्या पुड्यांतली बिस्किटं खाल्ली. पप्पा मधूनमधून माझ्या डोक्यावर हात ठेवून मी आहे ना ते बघत होते.

आता आम्ही झुलत्या पुलावरून आयजाकडे चाललो होतो. खाली पाणी परत भरायला लागलं होतं. पुलावर वाऱ्याने माझी ओढणी उडत होती आणि जोएल कठड्याला रेलून समोरच्या गावाचे फोटो काढत होता. सूर्य त्या पांढऱ्या घरांच्या मागे टेकला होता. टेकडीवरचे टेहळणीचे बुरूज काळे झाले होते. सगळ्यांचे चेहरे सोनेरी, सगळे खूश. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, "हाऊ पीसफुल!" मी म्हटलं, हो ना. आणि परत जोएलच्या पायांकडे बघितलं.

सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली. आधी एका मशिदीतून, मग पाण्यापलीकडच्या दुसऱ्या मशिदीतून. सालिम बाजूला जाऊन नमाज पढून आला. बाकीचे आयजाच्या टोकावरच्या दीपगृहाखालच्या बुटक्या भिंतीवर कॅमेऱ्यांच्या तिपाया लावून बसले. जोएलही बसला. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला जोएल झाला त्या दिवशीचा फोन आठवत होता.

पप्पा तेव्हा कायमचे वसईला परतले होते. इथे दवाखान्यात सगळे पेढे वाटत होते, आणि माझ्या नवऱ्याने फोन लावून माझ्या कानाला धरला. मी म्हटलं, "पप्पा, मुलगा झाला." पलीकडे मम्मीचा आनंदाने आरडाओरडा ऐकू येत होता. पप्पा गप्प. मला वाटलं लाइन गेली. मग त्यांनी विचारलं, "डोळे कसे आहेत गं त्याचे?" मी ते हसत हसत सगळ्यांना सांगितलं. नवरा म्हणाला, "लोक वजन विचारतात, तुझे पप्पा डोळे विचारतात!" सगळे हसले. त्यांच्या मामांचं काय झालं ते पप्पांनी लहानपणी बघितलं होतं. कागदावर गोल आणि चौकोन न काढताही त्यांना सगळं कळत होतं. त्यानंतर काही वर्षं ते जगले. आधी संध्याकाळ गेली होती, मग बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. शेवटी शेवटी भर दुपारी त्यांना हाताने दरवाजा शोधावा लागायचा. आम्ही सुट्टीत गेलो की ते जोएलचा चेहरा दोन्ही हातांत धरून बसायचे. जोएल अंग चोरून घ्यायचा, आजोबांच्या हातांना तंबाखूचा वास येतो म्हणायचा.

निळा उजेड आला. खरंच सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पाणी आणि आकाश एकाच रंगाचं, मधे गावातले पिवळे दिवे. मग तो निळाही काळवंडायला लागला आणि सालिम म्हणाला, "खलास! चलो, बस नीचे खडी है."

मंडळी सामान आवरून गल्लीकडे वळली. जोएल उठला नाही. "तुम्ही व्हा पुढे, एक लास्ट शॉट," तो त्यांना म्हणाला. सगळ्यांना पुढे जाऊ देणं मला नवीन नव्हतं. चर्चमधून निघताना पप्पाही असेच बाकावर बसून राहायचे, सगळे गेल्यावर उठायचे. पण पोरंही रेंगाळतात. आईबरोबर चालायला लागू नये म्हणूनही रेंगाळतात. मी स्वतःची समजूत घातली आणि थांबले.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा पुढच्या लोकांचे आवाज वळणापलीकडे गेले होते. जुनी गल्ली, दोन्हीकडे बंद घरं. एक दिवा अगदी टोकाला होता, मधला लागलेला नव्हता. मी पुढे, जोएल मागे. मी दर दोन पावलांनी वळून बघत होते. तो चांगला चालत होता. कॅमेरा चेहऱ्यासमोर धरून, मागच्या स्क्रीनमध्ये बघत. उंबऱ्याचा दगड आला, त्याने पाय उचलला. पाण्याचा पाइप आडवा होता, तो त्याने ओलांडला. मला एकदम हसू येईल की रडू, कळेना. दिसतंय! माझ्या पोराला दिसतंय! मी इतकी वर्षं उगाच जिवाला घोर लावून घेतला.

"अरे, आता तरी तो कॅमेरा खाली ठेव," मी म्हटलं. आनंदाने आवाज चढला होता माझा. "स्वतःच्या डोळ्यांनी बघ की जरा."

त्याने कॅमेरा खाली घेतला नाही. मी दोन पावलं मागे गेले आणि त्याच्या हातावरून स्क्रीनमध्ये डोकावले. त्या स्क्रीनमध्ये गल्ली लख्ख होती. दुपार असावी तशी. भिंतीचे पोपडे, दारावरचे खिळे, पायरीवर बसलेलं मांजर, सगळं स्वच्छ. मी मान वर करून खऱ्या गल्लीकडे बघितलं. मांजर कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं.

मी पुन्हा पुढे जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. काय विचारायचं ते जुळवत होते. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकलं, त्याचा उजेड जोएलच्या हनुवटीवर पडला, आणि स्क्रीन काळा झाला.

जोएलने एक पाय उचललेला होता. तो त्याने पुढे टाकला नाही. होता तिथेच हळूच खाली ठेवला.

आमच्यात हातभर अंतर होतं. मला त्याचा चेहरा दिसत होता. तो माझ्या खांद्याशेजारच्या भिंतीकडे बघत होता. एक पाऊल टाक, मी मनात म्हणत होते, एकच टाक, नमो मरिया, टाकू दे त्याला.

"मम्मा?" तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "तू पुढे गेलीस का?"

"नाही. इथेच आहे."

त्याचा चेहरा आवाजाच्या दिशेने वळला.

"मी रोड टेस्टला गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "दोन्ही टाइम. तुला फेल झालो सांगितलं. एकदा लेसन संपायला लेट झालं ना, तेव्हा मला रोडची लाइनच दिसेना. मी तिकडेच ब्रेक मारला. इन्स्ट्रक्टर ओरडला. त्यानंतर गाडीत नाही बसलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कँडल लावून यायचीस. मी पास व्हावं म्हणून. मग कसं सांगणार?"

मी भिंतीला हात टेकला. भिंत दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होती. तो गाडी चालवणार नव्हता. ज्या एका भीतीने मी इतक्या लांब आले होते ती आता उरली नव्हती. जीव भांड्यात पडायला हवा होता माझा.

"आजोबांना," तो म्हणाला, "लास्टला किती दिसायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मी कधीपासून तयार ठेवलं होतं. बरंच दिसायचं रे, माणसं ओळखायचे, पेपर वाचायचे. ते अगदी ओठांवर आलं होतं.

"काहीच नाही," मी म्हटलं.

वळणापलीकडून सालिमची हाक आली, बस निघायची होती. जोएलने मोठ्याने "कमिंग!" म्हटलं. नेहमीचा आवाज काढला त्याने, अगदी छान जमला. मग परत हळू आवाजात मला म्हणाला, "तुझ्या शोल्डरवरच्या बॅगेत, पुढच्या कप्प्यात, दुसरी बॅटरी आहे. तूच काढून घाल. मला काही दिसत नाहीये, मम्मा."

मी बॅग पुढे घेतली. अंधारात कप्प्याची चेन नीट धरताच येईना. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. त्याला तो आवाज ऐकू येत असणार.

"सावकाश," जोएल म्हणाला. "मी थांबतो."